डाव्या हाताची सरस्वती

जानकी तळवडेकर भांडखोर नव्हती. असं तिचं म्हणणं होतं, आणि मरोळच्या त्या चाळीत हे म्हणणं मांडणारी ती एकटीच होती. नळावर कुणी हंडा पुढे सारला की ती तोंडातून शब्द काढायची नाही, नुसती हंड्याकडे बघत उभी राहायची, आणि हंडा मागे जायचा. रॉकेलवाल्याने माप कमी भरलं तर ती डबा उचलायचीच नाही. मागच्या रांगेने कितीही कलकलाट केला तरी ढिम्म. तिचा नवरा जयवंत म्हणायचा, संपाच्या वेळी आमच्या पुढाऱ्यांऐवजी हिला बोलणी करायला बसवली असती तर गिरणीचे मालक कधीच वठणीवर आले असते. मालक काही वठणीवर आले नाहीत. गिरणी सुटली ती सुटलीच. जयवंत आता औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मालाची खोकी बांधायचा आणि घरी येऊन पूर्वीपेक्षा कमी बोलायचा.

अशा ह्या बाईची बोलती बंद व्हायची ती एकाच ठिकाणी. शाळेचं फाटक आलं की जानकी पदर दोन्ही खांद्यांवरून घ्यायची, आवाज खाली आणायची, आणि ‘हो बाई’, ‘नाही बाई’ ह्यापलीकडे तिची मजल जायची नाही. गावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकली होती. गुरुजी म्हणजे देवाच्या खालोखाल, हे तेव्हा डोक्यात बसलं ते तिथेच राहिलं. भाजीवाल्याशी भांडता येतं, वाण्याशी भांडता येतं, म्युनिसिपालटीच्या माणसाशी तर भांडावंच लागतं. पण ज्याच्या हाती आपलं पोर सोपवलंय त्याच्याशी भांडायचं कसं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

तिची मीरा दुसरीत होती आणि डावखुरी होती. घरात ह्याचं कुणाला काही वाटलं नव्हतं. “माजी आजी पण डावरी होती,” जयवंत एकदा म्हणाला होता, “भात कापूक लागली की उजवे मागे रवत.” तेवढ्यावर तो विषय मिटला होता. पहिलीच्या बाई निवृत्तीला टेकलेल्या. पोरं जागेवर बसून राहतात ह्यातच त्या समाधानी असायच्या. मग आली दुसरी, आणि दुसरीला सबनीस बाई.

सबनीस बाईंबद्दल वाईट बोलणारा पालक शोधूनही सापडला नसता, आणि उगाच खोटं कशाला बोला, बाई होत्याही तशाच. फळ्यावरचं अक्षर छापल्यासारखं. पोर आजारी पडलं तर संध्याकाळी पत्ता विचारत चाळीत यायच्या आणि दारातच उभ्या राहून औषध दिलंत का म्हणून आईची उलटतपासणी घ्यायच्या. “वर्ग माझ्या एकटीचा नाही,” त्या म्हणायच्या, “अर्धा वर्ग घरी भरतो.” आणि त्या घरच्या अर्ध्या वर्गाला त्या अभ्यासही द्यायच्या. कुणाच्या आईला नखांचा, कुणाच्या आईला पाढ्यांचा, कुणाच्या बापाला पोरासमोर विडी न ओढण्याचा. आया त्यांना घाबरायच्या आणि घाबरतो हे चाळीत अभिमानाने सांगायच्या.

शाळा सुरू होऊन पुस्तकांना कव्हरं घालून होतायत तोवर बाईंनी जानकीला फाटकाशी गाठलं.

“मीराची आई, हिचं हे डाव्या हाताचं वळण आत्ताच मोडायला हवं. वर्गात मी बघतेच आहे. पण घरी तुम्ही ढिली सोडलीत तर माझी मेहनत पाण्यात. घरी आली की डावा हात रुमालाने बांधून टाकायचा. लिहिताना, जेवताना, खेळतानासुद्धा. मी आजवर किती पोरं सरळ केलीत, ही काय अवघड आहे?”

“हो बाई,” जानकी म्हणाली.

आणि तिने बांधला. जयवंतचा जुना चौकड्यांचा रुमाल घेतला, एक टोक मीराच्या मनगटाला आणि दुसरं फ्रॉकच्या पट्ट्याला. जानकीने मारलेली गाठ सहसा सुटत नसे. मीरा पहिल्या दिवशी हसली, तिला तो खेळ वाटला. दुसऱ्या दिवशी रडली. मग रडायचीही थांबली. जेवताना उजव्या हाताने घास तोंडापर्यंत जाईस्तोवर अर्धा भात मांडीवर सांडायचा, आणि जानकी म्हणायची, “होईल सवय. बाईंना कळतं.”

सवय होत होती, पण भलत्याच गोष्टींची. मीराला पूर्वी रस्त्याने जाताना दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचायची खोड होती. ‘भारत सायकल मार्ट’, ‘येथे स्टोव्ह रिपेर करून मिळेल’, सगळं एका दमात, गाणं म्हटल्यासारखं. ती खोड गेली. जानकीला आधी वाटलं, पोर शहाणी झाली. शाळेतून पाटी कोरी यायला लागली तेव्हा वाटलं, आळशी झाली. सबनीस बाईंनी पुन्हा फाटकाशी थांबवलं आणि सांगितलं, “मुलगी हुशार आहे हो, तोंडी सगळं येतं. पण लिहीतच नाही. पुढेही असंच राहिलं तर मला तिला दुसरीतच ठेवावं लागेल.” जानकीने घरी येऊन गाठ आणखी आवळली.

नवरात्र बसल्यावर एके दिवशी दुपारी ती नळावरून आली, तर दारात मीरा उकिडवी बसलेली. पुढ्यात रांगोळीचा डबा. रुमालाची गाठ तिने दातांनी सोडवली होती. ओल्या रुमालाचं एक टोक पट्ट्याला लोंबत होतं. डाव्या हाताच्या चिमटीतून पांढरी रेघ नुसती वाहत होती. उंबऱ्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत वेल, वेलीला पानं, पानांत मधूनच एक पक्षी, चोच वर केलेला. पोर स्वतःशी काहीतरी गुणगुणतही होतं. कितीतरी दिवसांनी ते गुणगुणणं कानावर आलं म्हणून जानकी क्षणभर तशीच उभी राहिली.

मीराने वर बघितलं. आई दिसली. ती पळाली नाही, रांगोळी लपवली नाही, काही सांगायलाही गेली नाही. तिने चिमटीतली रांगोळी डब्यात टाकली, हात फ्रॉकला पुसला, तळवा वर करून तो डावा हात आईपुढे धरला, तोंड दुसरीकडे फिरवलं आणि डोळे गच्च मिटून घेतले.

जानकीने ह्या कारणासाठी पोरीवर कधी हात उगारला नव्हता. त्यामुळे हे घरचं नव्हतं. हात किती उंच धरायचा, बोटं कशी सरळ ठेवायची, मान कुठल्या बाजूला वळवायची, सगळं ठरलेलं होतं. पट्टीचे वळ तळव्यावर राहत नाहीत, म्हणून कुणाला कळत नाही. तो एवढासा हात तिथे, हवेत, निमूटपणे वाट बघत होता.

तिने हंडा खाली ठेवला. इतका संताप तिला आयुष्यात आला नव्हता, आणि मोठी पंचाईत अशी की तो नीट कुणा एकावर काढता येईना. पट्टी बाईंची होती. पण गाठ तिची होती. बाईंनी वर्गातल्या वेळेपुरता हात धरला होता. उरलेला सगळा दिवस हिनेच बांधून ठेवला होता, तोही चांगला घट्ट, कामात कसूर नको म्हणून.

“मीरा,” ती म्हणाली, “डोळे उघड. पक्ष्याला दुसरा पंख राहिलाय.”

मग तिने पट्ट्याला लोंबणारा रुमाल ओढून काढला आणि आत जाऊन स्टोव्हवरचं पातेलं उतरवायचं फडकं करून टाकला.

संध्याकाळी जयवंत आला. उंबऱ्यावरचा पक्षी ओलांडून आत आला आणि फडक्याकडे त्याचं लक्ष गेलं.

“माजो रुमाल ना तो?”

“सोडलंय मी तो. परत बांधूचो नाय.”

“बाईंनी सांगल्यानी ना बांधूक?”

“सांगल्यानी. आणि मी बांधलंय.” पोरीने हात कसा पुढे केला ते सगळं तिने सांगितलं. जयवंत ऐकता ऐकता खाली बसला. तो आपल्याच हातांकडे बघत होता.

“तरी मास्तरणीशी वाकडा घेऊ नको गो,” तो म्हणाला. “पोरीक मागे ठेवतली. हट्ट करून काय होता, ता मी बघलंय.”

“तुमी हरलास म्हणान मी तोंडच उघडूचा नाय?” जानकी म्हणाली. बोलून गेल्यावर तिला वाईट वाटलं, पण शब्द काही तिने परत घेतला नाही. “ठेवूंदेत मागे. हात तरी तिचो तिच्याकडे रवतलो.”

दुसऱ्या दिवशी फाटक आलं आणि जानकीचा पदर सवयीने दोन्ही खांद्यांवर आला. तिने तो तसाच राहू दिला. आदर करायला तिची ना नव्हती.

“बाई,” ती म्हणाली, “मीराचा हात मी सोडलाय. घरी ती डाव्या हाताने लिहिते. तुम्हीपण लिहू द्या. आणि पट्टी मारू नका.”

सबनीस बाईंनी तिला नखशिखांत न्याहाळलं. रागावल्या नाहीत, नीट समजावून सांगू लागल्या, आणि तेच जास्त कठीण होतं. “तुम्हाला आज तिची दया येते. उद्या ही परीक्षेला बसेल, शाई हाताने पुसत जाईल. परवा सासरी जाईल. पंगतीत डाव्या हाताने वाढायला लागली तर नाव कुणाचं निघेल? तुमचंच ना? मी तिच्या भल्यासाठीच करतेय, मीराची आई. थोडं दुखतं. पण वळण लागतं.”

“बाई, तुम्हीच म्हणता ना, अर्धा वर्ग घरी भरतो?”

“म्हणते.”

“मग माझ्या अर्ध्या वर्गात आजपासून रुमाल नाही.”

बाईंचा चेहरा पडला. इतक्या वर्षांत त्यांचं वाक्य त्यांना असं कुणी परत केलं नव्हतं. “ठीक आहे,” त्या म्हणाल्या. “उरलेल्या अर्ध्यात माझं चालेल.” आणि त्या आत गेल्या.

शनिवारी पालक सभा होती. दुसरीच्या वर्गात, दुसरीतल्या पोरांच्या बाकांवर, गुडघे हनुवटीशी घेऊन सगळे पालक बसले. मुख्याध्यापक दुसाने सर पाण्याच्या टाकीबद्दल बोलले, गणवेशाबद्दल बोलले, आणि कुणाला काही विचारायचं आहे का म्हणाले. ह्या प्रश्नानंतर सगळ्यांनी उठून जायचं असतं. जानकी उभी राहिली, पण जायला नव्हे.

तिने सांगितलं. बांधलेला हात, कोरी पाटी, मिटलेले डोळे. तिच्या मनात होतं की एवढं ऐकलं तर कुणीही आई हळहळेल. तसं काही झालं नाही. एक बाप म्हणाला, बाईंना आपल्यापेक्षा अनुभव आहे. रत्नप्रभा परब म्हणून एक बाई होती, शेजारच्या सोसायटीतली, घरात सगळे वार पाळणारी. ती हसत हसत म्हणाली, “अहो, उद्या लग्नात अक्षता डाव्या हाताने टाकेल का पोरगी? आणि सासऱ्याच्या पानात वाढायला डावा हात घेऊन गेली म्हणजे?” बाकांवर हशा पिकला. जानकीचे कान तापले. नळावर असती तर तिने रत्नप्रभाला एका नजरेत गप्प केलं असतं, पण इथे तिच्या नजरेला कुणी ओळखत नव्हतं.

तेव्हा मागून लता खंडागळे उठली. लता तिच्याच चाळीतली, तिचा नंदू मीराच्याच वर्गात. “माझं एवढंच विचारणं आहे,” ती म्हणाली, “पोरीला शाळेत लिहायला पाठवलंय की वाढायला? आमच्याकडे तर अक्षर आलं हेच मोठं धरतात. कुठल्या हाताने आलं ते माझ्या सासऱ्यांनी कधी विचारलं नाही.”

हसणं थांबलं, पण बाजू फिरली नाही. दुसाने सरांनी घसा साफ केला आणि हा वर्गाच्या शिस्तीचा विषय आहे, तो बाईंच्या अखत्यारीत येतो, असं सांगून हात झटकले. मग सबनीस बाई उभ्या राहिल्या आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशीच्या पाटीपूजनाच्या सूचना त्यांनी वाचल्यासारख्या सांगितल्या. आयांनी यायचं, फुलं आणायची, पोरांनी आपापल्या पाटीवर सरस्वती काढायची.

“सरस्वती उजव्या हातानेच काढायची,” त्या म्हणाल्या, आणि कुणाकडेही बघितलं नाही. “देवीचं काम आहे. ज्यांना अजून ते जमत नाही, त्यांनी पाटी कोरी ठेवून नुसतं फूल वाहावं. आणि दरवर्षी सांगते ते पुन्हा सांगते. एकदा काढलेली सरस्वती पुसायची नाही. वाकडी आली तरी ती देवीच आहे. दसरा झाल्यावर पाटी धुवायची, तोवर तिला बोटसुद्धा लावायचं नाही. गेल्या वर्षी कुणीतरी थुंकी लावून पुसली होती.”

पहिलं वाक्य जानकीला वर्मी लागलं. त्या भरात बाकीचं तिने नुसतं ऐकलं आणि सोडून दिलं.

“तू जाऊच नको त्या पूजेला,” परतताना लता म्हणाली. “पोरीला घरी ठेव एक दिवस. आमचा नंदू तरी कुठे पूजा करतो, नुसता बसून खोबरं खाऊन येतो.”

“ना गं,” जानकी म्हणाली. “न जाणं म्हणजे मान खाली घालणंच झालं. जाणार. पाटी पण नेणार.”

पूजेच्या दिवशी वर्गातले बाक मागे सारले होते आणि सतरंज्या अंथरल्या होत्या. फळ्यावर बाईंनी मोठी सरस्वती काढली होती. पाटीवर काढतात तीच, एकाच्या आकड्यांची. एकाशेजारी एक, एकावर एक असे एक रचत जायचे, की त्यातून देवी उभी राहते. फळ्यावरची देवी ओळंब्यात बांधल्यासारखी नेटकी होती. खाली पोरं पाट्यांवर ओणवी झाली होती आणि आया भिंतीला टेकून उभ्या होत्या, हातात झेंडू आणि तबकं.

निम्मी सरस्वती सगळ्यांना जमत होती. घोळ होत होता तो दुसऱ्या निम्म्यात. कारण तिकडचे एक उलट्या तोंडाचे असतात, आरशात दिसावेत तसे. उजव्या हाताला ते वळण सरावाचं नाही, म्हणून पोरं जिभा बाहेर काढून रेघा ओढत होती, आणि तिकडचे एक कोलमडत होते.

मीरा सतरंजीच्या टोकाला बसली होती. पुढ्यात कोरी पाटी, पाटीवर एक झेंडूचं फूल, दोन्ही हात मांडीखाली दाबलेले.

जानकी भिंतीपासून निघाली. आया बघताहेत हे तिला दिसत होतं. ती मीराच्या शेजारी सतरंजीवर मांडी घालून बसली, फूल उचलून बाजूला ठेवलं आणि पेन्सिल पाटीवर ठेवली.

“काढ.”

“बाईंनी नको सांगितलंय.”

“आईने काढ सांगितलंय.”

मीराने तिच्याकडे बघितलं. “कुठल्या हाताने?”

हा प्रश्न जानकीला फार लागला. सात वर्षांच्या पोरीला हेही विचारून घ्यावं लागतं, आणि तेही आपल्यालाच.

“जो तुझा आहे त्या हाताने,” ती म्हणाली. “मी इथेच बसलेय.”

डावा हात मांडीखालून बाहेर आला. पहिला एक थरथरत आला, दुसरा जरा कमी थरथरत. मग हात सुटला. सरळ तोंडाचे एक झाले, उलट्या तोंडाचे झाले, त्या हाताला दोन्ही सारखेच होते. आजूबाजूची पोरं आपली सरस्वती सोडून मीराची बघायला लागली, आणि वर्गात जी शांतता पसरली तिनेच सबनीस बाईंना वळून बघायला लावलं.

“मीरा, पेन्सिल खाली ठेव.”

पेन्सिल थांबली. वरचे थोडे एक राहिले होते.

“थांबू नको,” जानकी म्हणाली. आवाज चढवला नाही. पोरीने एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. मग तिने मान खाली घातली आणि राहिलेले एक पुरे केले.

बाई टेबलावरचं ओलं फडकं घेऊन आल्या. “मीराची आई, उठा. मी सभेत सगळ्यांसमोर सांगितलं होतं.”

“सांगितलं होतं. मी ऐकलं होतं.” जानकी उठली नाही. “बाई, फळ्याकडे बघा. तुम्हीच काढलीय. तिच्यातले निम्मे एक उलट्या तोंडाचे आहेत. देवीला चालतात ते.”

बाईंच्या कपाळावर आठी उमटली. “वाद घालायला हे नळकोंडाळं नाही. हा वर्ग आहे,” त्या म्हणाल्या, आणि पाटीवर वाकल्या.

जानकीने त्यांचा हात धरला नाही. पाटी ओढून घेतली नाही. पाटीवर हातसुद्धा आडवा धरला नाही. बाईंचंच सभेतलं वाक्य तिला आत्ता आठवलं होतं: एकदा काढलेली सरस्वती पुसायची नाही.

“पुसा,” ती म्हणाली. “तुमच्या हाताने पुसा. मी अडवत नाही.”

बाईंचा हात पाटीच्या वर आला आणि तिथे थांबला. फडक्यातून पाण्याचा एक थेंब पाटीच्या लाकडी चौकटीवर पडला. एवढी वर्षं त्यांनी ही देवी पोरांकडून काढून घेतली होती, वाकडी, तिरकी, तुटकी, आणि एकीलाही बोट लावू दिलं नव्हतं. समोरची तर वाकडीही नव्हती.

“अहो बाई,” भिंतीशी उभी असलेली रत्नप्रभा परब न राहवून म्हणाली, “देवी आहे ती. पुसताय काय?” सभेत हसली होती तीच ही.

सबनीस बाई सरळ उभ्या राहिल्या. फडकं त्यांनी मुठीत आवळून धरलं होतं आणि त्याचं पाणी त्यांच्या साडीवर गळत होतं. “पाट्या पुढे आणा,” त्या सगळ्या वर्गाला म्हणाल्या.

पाट्या टेबलापाशी रचल्या गेल्या. बाई एकेका पाटीला हळदकुंकू लावत गेल्या. मीराच्या पाटीपाशी हात क्षणभर अडला, मग तिलाही लावलं. आरती झाली. मग बाई खोबरं-साखरेचा डबा घेऊन निघाल्या आणि पोरं रांगेने हात पुढे करायला लागली, उजवा तळवा वर, त्याखाली डावा, शिकवल्यासारखा.

मीरापुढे त्या येऊन उभ्या राहिल्या. बाई समोर आल्या एवढंच मीराला दिसलं असावं. तिने डावा हात वर केला, तळवा सरळ धरला, बोटं ताठ केली, तोंड दुसरीकडे फिरवलं आणि डोळे गच्च मिटले.

भिंतीशी उभ्या असलेल्या सगळ्या आयांनी ते बघितलं. सभेत ज्यांनी ऐकूनही ऐकलं नव्हतं, त्यांनाही आता काही सांगावं लागलं नाही. रत्नप्रभाने मान खाली घातली. लता पुढे यायला निघाली होती, ती जागीच थांबली.

“उजवा हात, मीरा,” बाई म्हणाल्या. पण आवाजात नेहमीची जरब नव्हती. हात तसाच राहिला.

प्रसाद उजव्या हाताने घ्यावा, हे जानकीने स्वतः पोरीला शंभर वेळा सांगितलं होतं. देवळात, पूजेत, शेजारच्या सत्यनारायणाला. ती मीराच्या मागे येऊन उभी राहिली.

“ह्याच हातावर द्या, बाई,” ती म्हणाली. “आजवर जे दिलंत ते ह्याच हातावर दिलंत.”

सबनीस बाई त्या तळव्याकडे बघत राहिल्या. कितीतरी वेळा त्यांनी तो बघितला असेल, पण तेव्हा हातात पट्टी असायची. त्यांच्या डोळ्यांत काय होतं ते जानकीला कळलं नाही, आणि तिने कळून घेण्याचा प्रयत्नही केला नाही. बाईंनी डब्यात चिमूट घातली आणि खोबरं-साखर त्या डाव्या तळव्यावर ठेवली. थोडी साखर खाली सांडली.

मीरा दचकली. मग तिने आधी एक डोळा उघडला, मग दुसरा. तळव्यावर बघितलं, बाईंकडे बघितलं, मान उलटी करून आईकडे बघितलं. आई काही बोलत नाही असं पाहून तिने तो हात तोंडाशी नेला, खोबरं खाल्लं आणि तळवा चाटून साफ केला.

मायलेकी फाटकाकडे निघाल्या तेव्हा बाई वर्गाच्या दारात उभ्या होत्या. “दसरा झाला की येते,” जानकी म्हणाली. “मीरा येईल. रुमाल येणार नाही.” जानकीच्या ध्यानात आलं की पदर एकाच खांद्यावर आहे. तिने तो तसाच राहू दिला.

मीरा पाटी छातीशी धरून चालत होती, सरस्वतीला धक्का लागू नये म्हणून.

“आई, बाई मला दुसरीतच ठेवतील?”

“ठेवलं तर ठेवू देत. परत दुसरी करायची. ह्याच हाताने.”

मीराने ह्यावर थोडा विचार केला. मग पाटी उजव्या काखेत घेतली आणि डावा हात आईपुढे केला. डोळे उघडे होते. जानकीने तो हात धरला, रुमालाची गाठ मारताना धरायची तितकाच घट्ट, आणि ध्यानात येताच पकड सैल केली. हात सुटला नाही. पुढे सायकलचं दुकान आलं, आणि मीराने त्याची पाटी मोठ्याने वाचली.